चित्रात न आलेली शाळा

लहान मुलांना शाळा आणि दिनक्रम समजावून सांगणाऱ्या मराठी पुस्तकांत एक मुलगा वर्षानुवर्षं सकाळी सातला उठतो आहे. बेसिनपाशी दात घासतो, शॉवरखाली आंघोळ करतो, आई दुधाचा पेला पुढे करते, बाबा टाय बांधून निघतात, पिवळी बस फाटकाशी उभी राहते. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात घड्याळ आणि मुलाच्या तोंडावर प्रत्येक चौकटीत तेच हसू. छपाई चकचकीत, रंग भडक. पण शोधायला, विचारायला चित्रात काही नसतं, म्हणून मूल एकदा पाहतं आणि पुस्तक मिटतं. हा दोष केवळ चित्रकाराचा नाही. ‘चांगल्या सवयी’च्या भिंतीवरच्या तक्त्यालाच आपण पुस्तक मानलं, तिथून ही वाट लागली.

या प्रकाराचं मूळ मात्र कितीतरी जिवंत आहे. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचं ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ साली न्यूरेम्बर्गला निघालं. मुलांसाठी छापलेलं पहिलं सचित्र पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्यात शाळेचं एक पान आहे: गुरुजी खुर्चीत, मुलं बाकांवर, काही लिहिताहेत, काही गप्पा मारताहेत आणि दंगाही करताहेत. त्यांना छडी मिळते हेही तिथे सांगितलं आहे. ती छडी आज कुणाला नको आहे. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पानाला जे दिसलं, वर्गात मुलं गप्प बसत नाहीत हे, ते आपल्या आजच्या दिनक्रमाच्या पुस्तकांना दिसत नाही.

मराठीत हे ज्यांना दिसलं त्यांत माधुरी पुरंदरे यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं राधाच्या नजरेतून येतात. यश नावाच्या मुलाच्या पुस्तकांत ‘मोठी शाळा’ आहे, ‘हात मोडला’ आहे, ‘कंटाळा’ आहे. कंटाळा हा मुलाच्या दिवसाचा केवढा मोठा भाग असतो! पण सवयी लावायला निघालेल्या पुस्तकात त्याला जागा मिळत नाही. लेखन आणि चित्रं एकाच हातची असल्यामुळे शब्द जे सांगत नाहीत ते पुरंदऱ्यांच्या चित्रात सापडतं. माणसं आपापल्या कामात असतात, कुणी चित्रासाठी उभं राहिलेलं नसतं. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये तर भरगच्च दृश्यांवर बोट ठेवून मुलानेच बोलायचं. २०१६ मध्ये टाटा ट्रस्टचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार त्यांना मिळाला तो रास्तच होता. प्रश्न त्यांच्यानंतरचा आहे. या वाटेने चालणारे लेखक-चित्रकार आजही बोटांवर मोजता येतात, आणि त्यांचीही घरं बहुधा पुण्या-मुंबईकडची.

त्या घरांपासून दूर, गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतही मराठी शाळेची परंपरा जुनी आहे. गोवा मुक्तीनंतर मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात सरकारी मराठी प्राथमिक शाळा गावोगाव पोचल्या. आज त्यांतल्या कितीतरी पटसंख्येअभावी बंद झाल्या, उरलेल्यांतल्या अनेक एकशिक्षकी आहेत. तिथल्या मुलाचा दिवस कसा असतो? पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, पाव दारात येतो. शाळा सकाळची. अनुदानित शाळेतली मुलं ‘बालरथ’ बसने जातात, गावच्या सरकारी शाळेतली बरीचशी चालत. जूनमध्ये पहिल्या दिवशी पहिलं काम रेनकोट कुठे टांगायचा हे शिकण्याचं, कारण ओसरीवर पाणीच पाणी. वर्ग एक, इयत्ता चार: बाई चौथीला गणित घालतात तोवर पहिलीने पाटीवर गिरवायचं, आणि अडलं तर शेजारी बसलेल्या तिसरीतल्या ताईला विचारायचं. मधल्या सुट्टीत बचत गटाच्या बायकांनी आणलेली पावभाजी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला लागणाऱ्या रानफळांच्याच गोष्टी.

चित्रकाराला याहून चांगला विषय कोणता हवा? एका खोलीतल्या चार इयत्ता म्हणजे एकाच चौकटीत एकाच वेळी घडणाऱ्या चार गोष्टी. पण मी पाहिलेल्या एकाही चित्रपुस्तकात अशी शाळा नाही. तिथे वर्ग म्हणजे एका वयाची, एका गणवेशातली, फळ्याकडे तोंड करून बसलेली मुलं. आपली शाळा चित्रात नाही म्हणजे ती खरी शाळा नव्हे, असं सहा वर्षांच्या मुलाला वाटू नये ही जबाबदारी मोठ्यांची आहे.

याच शाळांत आता कामासाठी आलेल्या कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांची मुलंही बसतात. गावची मुलं घरी कोकणी बोलतात. मराठी वाक्य कळायच्या आधी या सगळ्यांना एकत्र बोलतं करील ते शब्दाविना चित्रच. म्हणून बिनशब्दांचं पुस्तक ही इथली पहिली गरज आहे, आणि मराठी प्रकाशनात सर्वांत दुर्लक्षित तेच आहे. ‘यात वाचायला काय आहे’ म्हणून पालक ते खाली ठेवतात आणि विक्रेता पुन्हा मागवत नाही.

पुस्तकं अजिबात नाहीत असं नाही. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं आहेत, चेन्नईची तूलिका मराठीतही छापते. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणीतल्या गोष्टी फुकट मिळतात, छापून वाटायलाही मोकळीक आहे. ही सोय मोलाची आहे. मात्र तिथली बरीच पुस्तकं भाषांतरित आहेत. वाक्यं मराठी होतात, घर, रस्ता आणि शाळा मूळ चित्रकाराच्या गावच्याच राहतात. काही भाषांतरं तर मोठ्याने वाचताना जिभेवर अडखळतात, आणि या वयाचं पुस्तक मोठ्यानेच वाचायचं असतं. पणजीच्या बुकवर्म या संस्थेने २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचं काम निष्ठेने चालवलं आहे. पण कपाटात ठेवायला इथलं पुस्तकच नसेल तर ग्रंथालय तरी काय करणार?

कलावंत नाहीत म्हणावं तर गोवा कला महाविद्यालयातून दर वर्षी चित्रकार बाहेर पडतात. परंपरा नाही म्हणावं तर पेडण्याची हद्द ओलांडून पुढे गेलं की कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली: एकेक सुटं चित्र पुढे धरायचं, कथा गात जायचं आणि ऐकणाऱ्याची नजर चित्रावर खिळवून ठेवायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथीची नक्कल करून पोथीसारखी पुस्तकं काढा असं मी म्हणत नाही. पण कुठल्या चित्रावर थांबायचं आणि काय दाखवायचं राखून ठेवायचं, हे आजच्या चित्रकाराने त्या सादरीकरणासमोर बसून शिकावं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे गोव्यात २०२३ पासून पायाभूत स्तर सुरू झाला, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी साहित्य लागणार आणि सरकार ते विकत घेणार. त्या पैशातून पुन्हा टाय बांधलेले बाबा आणि बेसिन घेऊ नये. दोन चित्रकारांना एक आख्खा पावसाळा लाटंबार्से किंवा कोरगावकडच्या एखाद्या शाळेत बसवावं, मानधन द्यावं, कच्ची पानं आधी मुलांसमोर ठेवावीत, आणि मुलं ज्या पानावर बोलणार नाहीत ते पान काढून टाकावं.