अंगचोर चाक

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, एवढीच माझी तक्रार. मिस्त्रींनी ना बॉनेट उघडलं, ना पाना उचलला. फक्त विचारलं, "ओढते की थरथरते?" थरथरत असती, तर संशय आधी डिस्कवर गेला असता; तिची जाडी मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनी कमी-जास्त झाली, तरी स्टिअरिंग हातात नाचू लागतं. दोन क्रियापदांत त्यांनी अर्धा तपास उरकला होता.

मग टायरमधली हवा पाहून गाडी सपाट मैदानात नेली. रस्ता कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. डाव्या बाजूने चालणारी गाडी तशीही डावीकडे कलते. तो उतार हिशेबातून वजा करायचा होता. वेग ताशी 40, बोटं स्टिअरिंगवर नुसती टेकलेली. ब्रेक दाबताना कुणीही लक्ष देईल. यांचं लक्ष सोडतानाही होतं. लोअर आर्मचा बुश गेला असेल, तर पाय उचलताच गाडी उलट बाजूला हिसका देते. इथे तसं झालं नाही. स्वर लावण्याइतकंच तो सोडण्यातही गाणं असतं, हे जाणणाऱ्याचं ते ऐकणं.

परतल्यावर त्यांनी पुढच्या चाकांजवळ उलटा हात नेला, ताप बघावा तसा. डावं तापलेलं, उजवं कोमट. उतावळा माणूस तापलेल्यावर आळ घेऊन मोकळा होतो. यांनी जॅक लावून ते चाक हाताने फिरवलं. सहज फिरलं, म्हणजे ब्रेक धरून बसलेला नव्हता. "हे राबतंय हो. अंगचोर पलीकडचं आहे." ओढ डावीकडे आणि दोष उजवीकडे! पाना न लावता निकाल लागला होता.

उजवं चाक उतरवल्यावर पुरावाही निघाला. आतला पॅड झिजलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. या कॅलिपरला पिस्टन आतल्याच बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला कामाला लावतो. पिनाच गंजून जाम, तर बाहेरचा पॅड नुसता बघ्या. पिना घासून, ग्रीस लावून बसवल्या. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलले. एकीकडे नवे, दुसरीकडे जुने घातले असते, तर तोल पुन्हा बिघडायची सोय झाली असती.

पुन्हा मैदान, पुन्हा ब्रेक. गाडी सरळ रेषेत थांबली. मी समाधानाने खाली उतरलो; मिस्त्री मात्र वाकून दोन्ही चाकांजवळ उलटा हात धरत होते. ऊब सारखी लागली, तेव्हाच त्यांनी हात पुसले.