बापू कुटी : जतन वास्तूचे आणि कलेचे

कलावंताचे घर संग्रहालय होते तेव्हा बहुधा कलाकृती जपल्या जातात. घर त्यांचे आवरण ठरते. शिल्पकार वि. पां. करमरकर यांचे सासवणे येथील शिल्पालय या प्रकारचे होय. सेवाग्रामची बापू कुटी मात्र निराळी आहे. गांधीजी १९३६ साली शेगावास (१९४० पासून सेवाग्राम) आले, ते प्रथम आदिनिवासात राहिले. ही कुटी मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारलेली. मातीच्या भिंतींवरील ताडवृक्ष व चरखा यांचे उठावही त्यांच्याच हातचे. येथे भिंत हीच कलाकृती आहे. गांधीजींच्या वास्तव्याने ती वंदनीय झाली, परंतु तिची कर्ती कलावंत म्हणून क्वचितच विचारात घेतली जाते. शिवाय मातीचे घर काचेआड टिकत नाही. ते पुनःपुन्हा लिंपावे लागते आणि दर लिंपणात मूळ बोटांचा ठसा पुसट होण्याचा धोका संभवतो. त्यामुळे ‘मूळ वस्तू’ ही संग्रहालयशास्त्रातील कल्पना येथे अपुरी पडते. लिंपणाऱ्याचे कौशल्य हाही जतनाचाच विषय ठरतो.