छोट्या हान्सचा भयगंड : दोन उपपत्ती
१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या हान्सच्या वृत्तांतात फ्रॉइडने या पाच वर्षांच्या बालकाच्या अश्वभयाचे मूळ पित्याविषयीच्या सुप्त भीतीत शोधले. परंतु निरीक्षक व उपचारक फ्रॉइडचा अनुयायी असलेला पिताच होता. उपचारकाळात फ्रॉइड बालकास एकदाच भेटला. सूचक प्रश्नांतून आलेली उत्तरे पुरावा ठरत नाहीत, हा वोल्पे व रॅकमन यांचा १९६० मधील आक्षेप रास्तच होय. घोडा कोसळताना पाहून भय जडले, ही त्यांची अभिसंधानात्मक उपपत्ती सुटसुटीत खरी. पण असे दृश्य पाहूनही इतर मुले निर्भय का राहतात, हे तीही सांगत नाही. भीतिविषयाशी क्रमाक्रमाने परिचय घडविणारी उपचारपद्धती आज प्रयोगसिद्ध आहे. तथापि उपचाराचे यश म्हणजे कारणमीमांसेची सिद्धता नव्हे, हा विवेक अभ्यासकाने सोडू नये.