दार म्हणजे रेघ की खोली?

ग्राफ समजावून सांगायचा म्हटलं की आपण सगळे एकच उदाहरण देतो: खोली म्हणजे बिंदू आणि दार म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी रेघ. मीही ज्युनिअर मुलांना हेच सांगत आलोय. आज या उदाहरणावरच टीका करायची आहे. साक्षीला दोन जुने गेम आणि आपला पन्हाळा.

पहिला गेम १९९२ चा वुल्फेन्स्टाइन थ्रीडी. त्याचा नकाशा म्हणजे ६४ × ६४ चौकटींचा कागदच समजा. एडिटरमध्ये फरशीच्या प्रत्येक चौकटीला आपण हाताने एक क्रमांक द्यायचा. सारखा क्रमांक म्हणजे एक खोली. गेम आतमध्ये एक तक्ता ठेवतो. दार उघडलं की त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या रकान्यात एक मिळवायचा, बंद झालं की एक वजा करायचा. तुम्ही गोळी झाडली की आवाज कुठवर पोचणार, कोणता पहारेकरी सावध होणार, हे त्या तक्त्यावरून ठरतं. साधं 'हो किंवा नाही' न लिहिता मोजणी का? कारण दोन खोल्यांमध्ये दोन दारं असू शकतात. एक बंद झालं म्हणून संबंध तुटत नाही. एवढ्याशा जागेत केलेला हा विचार मला फार आवडतो.

खोट आहे ती क्रमांकात. तो भिंतींवरून येत नाही, माणूस भरतो. मी एकदा दाराच्या दोन्ही बाजूंना चुकून एकच क्रमांक दिला. अलीकडे गोळी झाडली, तर बंद दारापलीकडचे पहारेकरी धावून आले! भिंती म्हणत होत्या खोल्या दोन, क्रमांक म्हणत होते एक. एडिटरने चकार शब्द काढला नाही. तुमच्या डेटामध्ये हाताने दिलेली लेबलं असतील, तर हा प्रसंग लक्षात ठेवा.

दुसरा गेम १९९३ चा डूम. इथे आपण रेघा काढतो आणि रेघांनी वेढलेली जागा म्हणजे खोली. मग दार? तीसुद्धा एक चिंचोळी खोलीच, फक्त तिचं छत जमिनीला टेकवलेलं. दार उघडणं म्हणजे छत वर जाणं. या दाराला जाडी आहे, आत वेगळा उजेड ठेवता येतो, तुम्ही त्यात उभेही राहू शकता. तोटा असा की हे 'दार' आहे हे नकाशाच्या आकारावरून कळत नाही. एका रेघेला विशिष्ट क्रिया जोडली म्हणून ते दार ठरतं. त्या रेघेचं तोंड उलट्या बाजूला गेलं, तर कितीही बटण दाबा, दार ढिम्म हलत नाही.

आता पन्हाळ्याच्या तीन दरवाजाकडे या. बाहेरचा दरवाजा ओलांडला की लगेच गड लागत नाही. मध्ये चौक आहे आणि पुढे आतला दरवाजा. बाहेरून घुसलेला शत्रू त्या चौकात कोंडला जातो. या दरवाजाची सगळी ताकद मधल्या जागेत आहे. तुम्ही 'बाहेर' आणि 'गड' असे दोन बिंदू काढून मध्ये एक रेघ मारलीत, तर रस्ता बरोबर दिसेल, पण दरवाजा कशासाठी बांधला तेच पुसलं जाईल.

हे सगळं मला महागात पडून कळलं. माझं काम सच्छिद्र पदार्थांवर आहे. १९५६ मध्ये इर्विंग फॅट यांनी असा पदार्थ नळ्यांचं जाळं म्हणून मांडला. आज आपण पोकळ्यांना बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद गळ्यांना रेघा मानतो. पहिल्या वर्षी मी गळ्यांचं आकारमान शून्य धरलं. सच्छिद्रता मोजमापापेक्षा कमी येत राहिली आणि मी दीड महिना प्रतिमांना दोष देत बसलो. हरवलेली पोकळी गळ्यांत होती. मी दाराला रेघ समजलो होतो.

म्हणून रेघ चूक आणि खोली बरोबर, असं म्हणू का? नाही. द्रव किती अडतो एवढंच विचारायचं असेल, तर गळा म्हणजे ठरावीक अडथळ्याची रेघ, हे पुष्कळदा पुरतं. 'आवाज पोचेल का' या प्रश्नाला वुल्फेन्स्टाइनची रेघ पुरली, तसंच हे. 'आत किती मावतं' असं विचारलंत की रेघ तोकडी पडते. माझी तक्रार त्या उदाहरणाबद्दल एवढीच आहे, की ते प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरवून टाकतं.

तेव्हा प्रपोजलमध्ये ग्राफ काढण्याआधी एक काम करा. तुमच्या प्रत्येक रेघेजवळ पेन थांबवा आणि विचारा: हिच्या आत कुणी उभं राहू शकतं का? राहू शकत असेल आणि त्याने तुमचं उत्तर बदलत असेल, तर तिथे रेघ नको, खोली काढा.