दीड इंची भिंगातला कोटी किलोमीटरचा किरण

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलज्ञ अ‍ॅनी मॉन्डर यांनी वऱ्हाडातल्या तळणीला टिपलेलं छायाचित्र पाहताना नजर आधी मधल्या काळ्या चकतीवर जाते. तिला तिथे रेंगाळू देऊ नये. चकतीला लागून असलेला करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं तेजोवलय, पांढराफटक, त्यात तपशील शोधून काही हाती लागत नाही. चित्राचा जीव त्याच्या बाहेर आहे. तळाशी रुंद असलेला एक फिका किरण निमुळता होत अंधारात सरळ निघून जातो, सुमारे 60 लाख मैल, म्हणजे जवळपास एक कोटी किलोमीटर! करोनाचा एवढा लांब किरण तोवर कुणाच्याच काचेवर उतरला नव्हता. अमेरिकेत खगोलज्ञ लँगली यांनी 1878 च्या ग्रहणात असे लांब किरण पाहिले होते खरे, पण ते डोळ्यांनी. आणि डोळ्याच्या साक्षीवर शंका घेता येते.

  

त्याच ग्रहणासाठी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे खगोलज्ञ नायगमवाला होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. कॅम्पबेल यांचा कॅमेरा 40 फुटी, त्यात सूर्यबिंब चार इंचांहून मोठं पडे. मॉन्डरबाईंचं भिंग दीड इंची, केंद्रांतर 9 इंच. त्यांच्या काचेवर सूर्य जेमतेम दोन मिलिमीटरचा, आणि तो कोटी किलोमीटरचा किरण दीड सेंटिमीटर! पण पसरलेला मंद उजेड टिपायला भिंगाचा नुसता आकार कामाचा नसतो, केंद्रांतराच्या मानाने ते किती रुंद हे पाहावं लागतं. शिवाय छोट्या कॅमेऱ्यात आकाशाचा मोठा तुकडा मावतो. सूर्याजवळचं सगळं जळालं तरी चालेल, पण दूरचं हवं, ही निवड चित्रात स्वच्छ दिसते. मला तरी तीच या चित्राची कला वाटते.

मॉन्डरबाईंची ग्रिनिच वेधशाळेतली गणनेची नोकरी 1895 मध्ये लग्नामुळे सुटलेली; भिंगाला पैसे मिळाले ते गर्टन कॉलेजच्या अभ्यासवृत्तीतून. अमुकच टिपा, असं सांगायला वर कुणी साहेब नव्हता, हे एका अर्थी बरंच झालं. पती वॉल्टर यांनी 1904 मध्ये पृथ्वीवरची चुंबकी वादळं सूर्याच्या ठरावीक भागांतून निघणाऱ्या प्रवाहांशी जोडली, तेव्हा असे किरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतेच. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने बाईंना सदस्य करून घेतलं ते मात्र 1916 मध्ये.