दप्तरातली पोथी आणि फडावरची पोथी

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी सज्जनहो, सत्तरी ओलांडल्यावर कीर्तनाला उभे राहणे सुटले. वीणा पुढच्या पिढीच्या गळ्यात घातला आणि हाती थोडा वेळ आला. त्या वेळात जुन्या कागदांच्या संग्रहांविषयी जे चिंतन घडले, ते आपल्या चरणी ठेवतो.

आमच्या सातारा प्रांताचेच उदाहरण घेऊ. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून जुनी दप्तरे, पोथ्या, चित्रे, नकाशे, नाणी गोळा केली. १९२६ साली ते गेले. पुढे १९३९ साली साताऱ्याचा तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. त्या संस्थेला १९९० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे आमच्या जिल्ह्याची आठवण आज विद्यापीठाच्या छपराखाली नांदते आहे.

पूर्वपक्ष म्हणेल, गावचे गावातच राहावे, पुण्याला कशाला न्यावे? त्याला उत्तर इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीने दिले आहे. बीडकडे पाटांगण येथे त्यांना एक जुनी प्रत मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. तिच्या भाषेवरून, काळावरून पंडितांनी पुष्कळ वाद घातला. पण वाद मिटवायला जी मूळ पोथी समोर हवी, तीच आज उपलब्ध नाही. म्हणून जतन करणाऱ्या संस्थांचे उपकार आधी मानले पाहिजेत. मगच दोष सांगण्याचा अधिकार येतो.

आता दोष सांगतो. आमच्या गुरुजींचे एक बाड होते. हातकागदावर बोरूने लिहिलेले, लाल फडक्यात बांधलेले. वाळवीच्या भीतीने मी ते एका ग्रंथसंग्रहाला दिले. काही वर्षांनी पाहायला गेलो. बाड सुरक्षित होते, एक पानही फाटले नव्हते. पण यादीत एवढेच होते : ‘संकीर्ण अभंग, लेखक अज्ञात, अपूर्ण.’

सज्जनहो, ते बाड अपूर्ण नव्हते. आमच्या फडावर कीर्तनात अभंग ज्या क्रमाने लागत, त्या क्रमाने ते लिहिलेले होते. गाथ्याचा क्रम वेगळा, म्हणून यादी करणाऱ्याला ते तुटलेले वाटले. अभंगाच्या डोक्यावर चालीची खूण होती, तिची नोंद नाही. मागच्या पानांवर मोडीत दिंडीचा हिशोब होता : कोणत्या मुक्कामी कोणाच्या घरून भाकरी आली, कोणाच्या बैलाने सामान वाहिले, कोणत्या साली पटकीमुळे दिंडी अर्ध्या वाटेवरून परतली. त्याचीही नोंद नाही. शेवटी लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि शके स्पष्ट होते, तरी लेखक अज्ञात!

हा एका माणसाचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. पाहण्याची दृष्टीच तशी घडली आहे. राजाचे पत्र, सरदाराची सनद म्हणजे इतिहास, आणि दिंडीचा हिशोब म्हणजे रद्दी, अशी ती दृष्टी. आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडा दिला, हे आपण सारे जाणतो. पण त्या वाटेने चालणाऱ्यांना भाकरी कोणी दिली, हे सरदाराच्या दप्तरात कुठून सापडणार? ते असल्या बाडांच्या पाठकोऱ्या पानांवरच सापडेल.

नोंद कशी करावी, याचा धडा आपल्या घरातच आहे. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अनेक प्रती ताडून पाठ ठरवला, आपण काय केले आणि कोणत्या साली केले हे लिहून ठेवले, आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये असे बजावले. ज्याच्या हातून ग्रंथ पुढे जातो त्याने आपल्या हाताची खूण ठेवावी, हा त्यातला सिद्धांत. संग्रहाच्या यादीलाही तोच लागू आहे. पोथी कोणत्या गावची, कोणत्या घरची, कोणत्या फडाची, वाचत कोण होते, हे पोथी घेतानाच विचारून लिहावे. सांगणारा म्हातारा गेला की ते ज्ञान कोणत्याही कपाटात मिळत नाही. आणि छायाचित्राची एक प्रत त्या गावच्या देवळात परत द्यावी. आता त्याला फारसा खर्चही येत नाही.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपला हातही पाहावा. पोथीला आपण हळद-कुंकू वाहतो, फडके मात्र सोडत नाही. जीर्ण झाली की नदीत सोडून मोकळे होतो. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्या, ही त्यांची पुण्याई. आपल्या पोथ्या कोणती नदी परत देणार? आणि मी स्वतः बाड देताना त्यासोबत चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर गुरुजी ‘अज्ञात’ झाले नसते. तो दोष माझा.

त्यानंतर मी पुन्हा तिथे गेलो आणि फडाचे नाव, चालींच्या खुणा, हिशोबाची पाने, सगळे कागदावर उतरवून दिले. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने ते बाडासोबत जोडले आणि वाकून नमस्कार केला. मीही त्याच्या पाया पडलो. वारीत तीच रीत आहे. तुमच्या घरी बाड असेल, तर येत्या एकादशीला फडके सोडा, आणि घरातल्या थोरांना विचारून त्याची हकिकत लिहून ठेवा.

॥ रामकृष्णहरि ॥