झेंडी पडण्याआधी

धान घरात आलं की आमच्या नवेगाव बांधच्या भोवताली पटाचे दिवस सुरू होतात. गेल्या हंगामात तलावापासून सायकलीच्या अंतरावरच्या एका गावात मी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला गेलो होतो. बांधीतली धसकटं काढून, ढेकळं फोडून जमीन सारखी केलेली. चारजण पुढून जोडीला धरून उभे आणि मागे जोडी हाकणारा धुरकरी वाकून बसलेला. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक धुरकरी उभे होते. त्यांनी स्वतः जोडी हाकणं सोडून बरीच वर्षं झाली. सगळ्यांच्या नजरा बैलांच्या पायांवर होत्या, त्यांची मात्र उजव्या बैलाच्या कानावर. तो कान मागे वळला, क्षणभर थरथरला आणि ताठ झाला. ते हळूच म्हणाले, "आता सोडा." झेंडी त्यानंतर पडली.

मी विचारलं, "काका, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"बैल पायानं नाई धावत जी गुर्जी, कानानं धावते."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पटाची बातमी होती. जोडीच्या मालकाचं नाव, किती सेकंद, किती रुपयांचं बक्षीस आणि मग प्रमुख पाहुण्यांची लांबलचक यादी. धुरकऱ्याचं नाव नव्हतं. बैलांची नावं नव्हती. कानाबद्दल तर काहीच नव्हतं. खेळ आमच्या डोळ्यांसमोर होता, पण तो भाषेत उतरलाच नाही. मराठीतल्या क्रीडालेखनाचं दुखणं मला त्या बातमीत स्पष्ट दिसलं.

खेळाभोवती साहित्य कसं उभं राहतं, हे समजून घ्यायला मी अमेरिकेतल्या बेसबॉलच्या पुस्तकांकडे वळलो. हा खेळ आमच्याकडच्या मैदानांवर दिसत नाही, मला तो पुस्तकांतूनच कळला. तिथे कादंबरीकारांनी या खेळाला हात घातला. बर्नार्ड मॅलमडची पहिली कादंबरी 'द नॅचरल' १९५२ साली आली, ती बेसबॉलवर. रॉजर एंजेल हे 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे कथाविभागाचे संपादक. १९६२ पासून ते बेसबॉलवर लिहू लागले आणि पुढची कित्येक दशकं लिहीत राहिले. प्रेक्षकांत बसून पाहणाऱ्या माणसाचं ते लेखन आहे आणि त्यात धावसंख्येपेक्षा हवा, आवाज, वाट पाहणं यांना जास्त जागा आहे. बिल जेम्स हा तरुण डब्यात अन्न भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. तिथल्या रिकाम्या तासांत त्याने आकड्यांचा असा अभ्यास केला, की खेळाकडे पाहण्याची रीतच बदलली. आकडेसुद्धा कुतूहलाने वाचले तर त्यांतून गोष्ट निघते.

माझं मन मात्र एका पुस्तकावर अडकलं आहे. लॉरेन्स रिटर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. टाय कॉब हा जुन्या काळातला मोठा खेळाडू १९६१ मध्ये गेला, तेव्हा रिटरना वाटलं, त्या पिढीचे उरलेले खेळाडूही असेच जातील आणि त्यांच्याबरोबर त्यांचं बोलणंही जाईल. ते टेपरेकॉर्डर घेऊन निघाले. गावोगावच्या म्हाताऱ्या खेळाडूंना शोधत त्यांनी ७५,००० मैल प्रवास केला आणि १९६६ मध्ये 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' हे पुस्तक छापलं. त्यात ते स्वतः जवळजवळ बोलतच नाहीत. बोलतात ते खेळाडू, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच लयीत. बेसबॉलच्या सगळ्या श्रीमंत साहित्याच्या मुळाशी मला हे ऐकणं दिसतं.

आता आपल्या घरात पाहू. आपलं घर रिकामं होतं असं कुणी म्हणू नये. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत सिद्ध केला, मल्लविद्येपासून देशी खेळांपर्यंत सगळं त्यात आणलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. विदर्भाच्या मातीतली केवढी मोठी गोष्ट! बर्लिनच्या त्या मैदानावर उभं राहताना त्या पोरांना काय वाटलं असेल, हे सांगणारी कादंबरी मराठीत यायला हवी होती. शाळेत मी मुलांना ही घटना सांगायचो, तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. मुलं हमखास विचारायची, "गुर्जी, याचं पुस्तक आहे का?"

क्रिकेटपटू पळवणकर विठ्ठलांचं 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली निघालं. विठ्ठल हे पळवणकर बाळूंचे धाकटे भाऊ. बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी चर्मकार जातीत जन्मल्यामुळे हिंदूंच्या क्रिकेट संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. विठ्ठलांना ते १९२३ मध्ये मिळालं. एका दलित खेळाडूने स्वतःच्या खेळाबद्दल मराठीत लिहिलेलं हे पुस्तक आपल्या आत्मकथनांच्या परंपरेत मानाने असायला हवं. प्रत्यक्षात त्याचा कस रामचंद्र गुहांनी ओळखला आणि पळवणकर बंधूंची गोष्ट २००२ मध्ये त्यांच्या इंग्रजी ग्रंथातून जगभर गेली. दलित आत्मकथनांवर आपल्याकडे इतकी चर्चा झाली, तिच्यात विठ्ठलांचं नाव मला भेटत नाही. खेळाचं पुस्तक म्हटलं की समीक्षक ते बाजूला ठेवतात, हे त्यामागचं कारण. आणि हा दोष खेळाडूंचा नाही, आपल्या साहित्यव्यवहाराचा आहे.

वृत्तपत्रांनी त्या मानाने पुष्कळ केलं. वि. वि. करमरकरांनी १९६२ पासून 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं. कबड्डी-खोखोला त्यांनी मान दिला आणि संघटकांना जाबही विचारला. बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचनातून क्रिकेट खेड्यापाड्यांत नेलं. षटक, यष्टी, पायचीत हे शब्द रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी आपल्या तोंडी इतके बसवले, की ते कधी नवे होते हे आज आठवतही नाही. शिरीष कणेकरांच्या 'क्रिकेटवेध'ने आणि द्वारकानाथ संझगिरींच्या लेखांनी खेळाडूला माणूस म्हणून घरात आणलं. करमरकर आणि कणेकर २०२३ मध्ये गेले, संझगिरी २०२५ मध्ये. दोन वर्षांत ही पिढी आपल्यातून उठून गेली आणि तिची जागा घेणारं सलग, दमदार लेखन आज मला दिसत नाही. शिवाय हे बहुतेक लेखन क्रिकेटभोवती आणि मुंबईभोवती फिरत राहिलं. आट्यापाट्यांना, गावच्या कुस्तीला, पटाला असा लेखक लाभला नाही.

पण एका खेळाला तो लाभला, आणि तोही आमच्या नवेगावात.

शिकारीला त्या काळी खेळच म्हणत. साहेबांची आणि संस्थानिकांची ती करमणूक होती. मध्य प्रांतातल्या जंगलांवर फोरसाइथने १८७१ मध्ये आणि डनबर ब्रँडरने १९२३ मध्ये इंग्रजीत पुस्तकं लिहिली. वाचताना त्यांच्या बारीक निरीक्षणाचं कौतुक वाटतं. पण ज्या माणसांनी त्यांना माग दाखवले, ती या पुस्तकांच्या मागच्या रांगेत राहतात. मराठीत भानू शिरधनकरांनी शिकारकथा रंगवून लिहिल्या. व्यंकटेश माडगूळकर तर स्वतः बंदूक घेऊन रानात जात. नंतर ते आमच्याच जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात येऊन राहिले, तेव्हा त्यांच्या हातात वही होती. 'नागझिरा' हे त्या मुक्कामाचं फळ आणि माझ्या मते शिकारकथेचं अरण्यलेखनात झालेलं रूपांतर पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते इथे. पुढे किरण पुरंदरेंनी त्याच रानात चारशे दिवस काढले आणि 'सखा नागझिरा' लिहिलं.

नवेगावात वनाधिकारी म्हणून आलेल्या मारुती चितमपल्लींना इथे माधवराव पाटील डोंगरवार भेटले. माधवराव तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले. हा तलाव कोलू पाटलांनी बांधला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि पाळीजवळ त्यांचं देवस्थानही आहे. तारुण्यात माधवराव शिकारी होते. रान त्यांना पाठ होतं. चितमपल्लींनी त्यांच्याबरोबर पायपीट केली, नावेत बसले, रात्री जागवल्या आणि विचारत राहिले. हा पक्षी कोण? याला तुम्ही काय म्हणता? हे पाऊल कुणाचं? त्या ऐकण्यातून 'नवेगावबांधचे दिवस' आणि पुढची कितीतरी पुस्तकं झाली. पाखरांची, झाडांची, पाण्याची आमच्या तोंडची नावं त्यांच्या लेखनातून आणि 'पक्षीकोशा'तून प्रमाण मराठीत गेली. २००६ मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. सोलापूरचा माणूस इथे आला आणि एका जुन्या शिकाऱ्याचं ऐकत बसला, म्हणून आमचं रान मराठी वाचकाला ठाऊक आहे. रिटरने म्हाताऱ्या खेळाडूंसाठी जे केलं, तेच चितमपल्लींनी माधवरावांसाठी केलं असं मला मनापासून वाटतं.

मग पटाला असा कान का मिळाला नाही?

पटाभोवती कला नाही असं नाही. दिवसा पट आणि रात्री नाटक ही आमच्या झाडीपट्टीची जुनी रीत. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत गावोगाव फिरतात आणि हजारो माणसं शेकोट्या करून पहाटेपर्यंत बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार हे लोकनाट्य यांच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. पण या नाटकांतली सासू-सून, सावकार, प्रेम, दारू पाहताना माझ्या मनात येतं, की ज्या पटाच्या निमित्ताने हा मांडव उभा राहिला, तो पट रंगमंचावर का येत नाही? कर्ज काढून जोडी सांभाळणारा शेतकरी, बैल विकावा लागला त्या दिवशीचं त्याचं अंगण, स्वतःच्या मालकीचा एकही बैल नसलेला धुरकरी, ही सगळी नाटकं समोर तयार उभी आहेत. आमच्या लेखकांनी ती उचलावीत.

आणि लिहायचं तर खरं लिहावं लागेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे कायदे वैध ठरवले. बंदी उगाच आली नव्हती. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, खिळ्याचे वण मी बैलांच्या पाठीवर पाहिले आहेत. जिम बाउटन या बेसबॉलपटूने १९७० मध्ये 'बॉल फोर' लिहून खेळाडूंच्या गोळ्या, दारू आणि भानगडी उघड केल्या, तेव्हा त्याला खेळाच्या प्रमुखांनी बोलावून दटावलं. त्या पुस्तकाने बेसबॉल लहान झाला नाही. पटावर लिहिणाऱ्याने बैलाचं रक्त वगळलं तर ते लेखन जाहिरात होईल, आणि धुरकऱ्याचं बैलावरचं प्रेम वगळलं तर ते नुसतं आरोपपत्र. दोन्ही एकाच माणसात असतात, आणि ते दाखवायला साहित्यच लागतं.

पेपरातली ती बातमी वाचून मी पुन्हा त्या धुरकरीकाकांकडे गेलो. वही नेली होती. अंगणात त्यांनी बाज टाकली, चहा आला. मी म्हटलं, "काका, तुमची एखादी चांगली दौड सांगा." त्यांनी त्यांच्या पंचविशीतला एक पट निवडला. आधी जोडी सांगितली. डावा बैल कुठल्या बाजारातून आणला, त्याला उजव्याची सवय व्हायला किती दिवस लागले, आदल्या रात्री गोठ्यात त्यांच्यापाशी कोण झोपलं. मग सकाळचं धुकं, बायकोने बैलांना लावलेलं कुंकू, जुवाला बांधलेली दोरी आणि ती दोरी कुणी वळली होती. सांगताना त्यांच्या मुठी आपोआप आवळल्या जात होत्या. काही सेकंदांत संपलेली ती दौड. मी लिहीत होतो, वहीची अकरा पानं भरली. तळ्याच्या बाजूने बदकं परतू लागली, अंगणात अंधार झाला. सुनेने दिवा लावला, तरी काकांच्या गोष्टीत झेंडी अजून पडायची होती.